दुधाचा कस कोकराच्या अंगावर

अहिल्यानगर जिल्ह्यात दूध कसे मोजायचे हे कुणाला शिकवावे लागत नाही. संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात गावोगाव संकलन केंद्रे आहेत आणि ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारा घन भाग) हे आकडे घराघरांत पाठ आहेत, कारण दुधाचा पगार त्यांवरच निघतो. हे माप संकरित गाईच्या दुधासाठी रूढ झाले आणि आता दूध म्हटले की दुसरे माप डोक्यात येईनासे झाले आहे. याच जिल्ह्यात पारनेरच्या माळांवर, संगमनेरच्या पठार भागात, कर्जत-जामखेडच्या कोरडवाहू शिवारांत आणखी एक दूध रोज तयार होते आणि ते केंद्रावर कधी येत नाही. ते दख्खनी मेंढीचे दूध. मेंढीच्या दुधात सर्वसाधारणपणे सहा-सात टक्के स्निग्धांश आणि साडेपाच टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. गाईच्या दुधाच्या तुलनेत हा ऐवज पावणेदोन-दोन पट झाला. तरी त्याला ना दर आहे, ना नोंद. मग अशा दुधाच्या गुणवत्तेत आनुवंशिक फरक किती आणि तो कोणत्या जनुकांमुळे, असे विचारण्यात अर्थ आहे का? माझे म्हणणे असे की अर्थ आहे आणि तो मोठा आहे, फक्त त्याचे माप फॅटच्या यंत्रात सापडणार नाही. या दुधाचे खरे माप कोकराचे वजन आहे. ही गोष्ट मान्य केली की कोणते जनुक महत्त्वाचे, कोणता नर राखायचा, बाहेरचे रक्त आणायचे की नाही, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे बदलतात.

आधी या जनावराची ओळख. दख्खनी मेंढी म्हणजे दख्खनच्या पठाराची काळी-करडी, जाड लोकरीची मेंढी, जिच्या लोकरीची घोंगडी होते. महाराष्ट्रात तिचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे प्रकार सांगितले जातात, म्हणजे या जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे नाव तिच्या एका शाखेला आहे. २०१९च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या आणि अहिल्यानगर त्यांतल्या आघाडीच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. मेंढपाळ धनगरांचे वाडे, म्हणजे कुटुंबांसह फिरणारे कळप, पावसाळा सरला की निघतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही कालव्याच्या उसाच्या पट्ट्यात. वाटेत शेतात मेंढ्या बसवायच्या, रात्री वाघरीत कोंडायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि मृगाच्या सुमारास परत फिरायचे. लोकरीला आता भाव उरलेला नाही, कातरणीचा खर्चही पुष्कळदा निघत नाही. त्यामुळे घर चालते ते कोकरांवर. नर कोकरे तीन-चार महिन्यांची झाली की विकली जातात. त्या वेळच्या वजनाचा मोठा हिस्सा पहिल्या दोन महिन्यांत ठरून गेलेला असतो आणि त्यातले पहिले तीन-चार आठवडे कोकराचे कोठीपोट चाऱ्याच्या कामाचे नसते. तेव्हा त्याचे अन्न म्हणजे आईचा पान्हा, दुसरे काही नाही. कोकराचे वजन एक किलोने वाढायला साधारण पाच लिटर दूध लागते, असा पशुपोषणातला ढोबळ हिशेब आहे. दख्खनी मेंढीला दुधाची जात कुणी म्हणत नाही, पण तिच्या मालकाचे उत्पन्न गाईवाल्याच्या उत्पन्नाइतकेच दुधातून येते. फक्त ते दूध बाजारात चार पायांवर चालत जाते.

आता पहिली गफलत दूर करायला हवी, ती टक्क्यांची. मेंढीचे दूध दाट असते हे खरे, पण दाटपणा हा स्वतंत्र गुण नव्हे. कासेतल्या पेशी लॅक्टोज ही साखर तयार करतात, ती साखर पाणी ओढून घेते आणि दुधाचे आकारमान मुख्यतः त्यावर ठरते. स्निग्धांश आणि प्रथिने वेगळ्या वाटांनी तयार होऊन त्या पाण्यात मिसळतात. त्यामुळे एखादी मेंढी थोडे दूध देत असेल तर तिचा टक्का आपोआप चढलेला दिसू शकतो. वेताच्या अखेरीस, मेंढी आटत आली की, तिचे दूध सर्वांत दाट असते आणि कोकराला मात्र सर्वांत कमी मिळत असते. म्हणून ‘आमच्या मेंढीचे दूध किती कसदार’ हा अभिमान तपासून घ्यायला हवा. कोकराच्या पोटात जातात ते ग्रॅम. दिवसभरात किती ग्रॅम प्रथिने आणि किती ग्रॅम स्निग्धांश पोचले, आणि ते देऊन आई दुसऱ्या दिवशी दहा-पंधरा किलोमीटर चालायला उभी राहिली की नाही, हा खरा प्रश्न आहे.

टक्का आणि आकारमान यांची ही ओढाताण फ्रान्समध्ये फार चांगल्या रीतीने नोंदली गेली आहे. तिथली लाकोन ही मेंढी जगप्रसिद्ध रोकफोर चीजसाठी पाळली जाते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्या भागात हजारो कळपांत दुधाच्या नोंदी, निवडलेल्या नरांचे कृत्रिम रेतन आणि मुलींच्या दुधावरून बापाची पारख अशी शिस्तबद्ध पद्धत बसवली गेली. सुरुवातीला निवड फक्त दुधाच्या प्रमाणावर होती. दूध वाढले, काही दशकांत दुपटीहून अधिक झाले, पण त्यातला घन भाग पातळ होऊ लागल्याचे दिसले. चीज करणाऱ्याला पाणी नको असते. म्हणून १९८०च्या दशकात निवडीच्या सूत्रात प्रथिने आणि स्निग्धांश घालावे लागले. या नोंदींतून आणखी एक गोष्ट हाती लागली. दुधाच्या प्रमाणातल्या फरकांपैकी साधारण तीस टक्के वाटा आनुवंशिक असतो, तर प्रथिनांच्या आणि स्निग्धांशाच्या टक्केवारीत तो पन्नासच्या आसपास जातो. म्हणजे गुणवत्ता ही प्रमाणापेक्षा अधिक ठामपणे पिढीजात उतरते. निवड केली तर ती लवकर हलते, आणि चुकीची निवड केली तर तितक्याच लवकर बिघडते.

गुणवत्तेचे जनुक कोणते, हेही बऱ्यापैकी माहीत आहे. दुधाचे दही किंवा चीज ज्यांच्यामुळे लागते ती केसीन नावाची चार प्रथिने असतात आणि त्यांची चार जनुके गाय, शेळी, मेंढी या तिन्हींत सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून बसलेली आहेत. इतकी जवळ, की पुढच्या पिढीत ती बहुतेक वेळा एक गठ्ठा म्हणून जातात. या जनुकांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. सर्वांत नाट्यमय उदाहरण शेळीतले आहे, आणि शेळी इथे परकी नाही. धनगराच्या कळपात मेंढ्यांबरोबर थोड्या शेळ्या असतातच. घरच्या चहाचे दूध त्यांचे, आणि आई मेलेले किंवा पान्हा न लाभलेले कोकरूही पुष्कळदा शेळीलाच लावले जाते. या जिल्ह्यात ती शेळी बहुधा संगमनेरी असते. शेळीत अल्फा-एस-वन केसीन या प्रथिनाच्या जनुकाच्या काही आवृत्त्या जोरदार असतात. अशी एक प्रत लिटरमागे सुमारे ३.६ ग्रॅम प्रथिन देते, मध्यम आवृत्ती १.६ ग्रॅम, दुबळी ०.६ ग्रॅम आणि एक आवृत्ती अशी की जी काहीच देत नाही. दोन्ही प्रती जोरदार असलेल्या शेळीच्या दुधात या एका प्रथिनाचे लिटरमागे सात ग्रॅम असतात, तर दोन्ही प्रती निकामी असलेल्या शेळीच्या दुधात शून्य. एकाच गोठ्यातल्या, एकच पाला खाणाऱ्या दोन शेळ्यांत एवढे अंतर पडू शकते.

नॉर्वेतल्या दुभत्या शेळ्यांत या जनुकाची निकामी आवृत्ती दहापैकी सात प्रतींइतकी पसरलेली आढळली. त्या दुधाला उग्र, खवट वास यायचा आणि चीज नीट लागत नसे. शेवटी फ्रान्सहून रेत आणून सुधारणा करावी लागली. भारतीय शेळ्यांच्या अनेक जातींत झालेल्या तपासण्यांत मात्र जोरदार आवृत्त्यांचेच प्राबल्य दिसले. आपल्या शेळीचे दूध कमी आहे, पण त्यातले केसीन शाबूत आहे. या ठेव्याची कुणी मोठी जाहिरात केली नाही. बाजारात गाजला तो ‘ए-टू’ हा शब्द, जो बीटा-केसीनच्या एका आवृत्तीबद्दल आहे आणि ज्याचा वाद मुळात काही युरोपीय गाईंपुरता आहे. मेंढी आणि शेळी यांचे बीटा-केसीन त्या ठिकाणी ‘ए-टू’सारखेच असते, त्यामुळे शेळीच्या दुधाच्या बाटलीवर ‘ए-टू’ छापणे म्हणजे मिठाच्या पुडीवर ‘खारट’ छापण्यासारखे आहे.

शेळीतले हे स्वच्छ चित्र मेंढीत दिसत नाही. मेंढीच्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनाच्या ए आणि बी अशा दोन ठळक आवृत्त्या आहेत. त्यांतली कोणती चांगली यावर अनेक देशांत अभ्यास झाले आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. एका जातीत ए आवृत्ती दूध वाढवणारी दिसते, दुसऱ्या जातीत बी, तिसरीत काहीच फरक नाही. अल्फा-एस-वन केसीनची एक मेंढीतली आवृत्ती केसीन घटवते, हे बऱ्यापैकी प्रस्थापित आहे, पण तेवढ्यावर निवडीचा डोलारा उभा राहात नाही. याचा अर्थ मेंढीचे दूध आनुवंशिक नाही असा नव्हे. त्याचा अर्थ असा की मेंढीच्या दुधामागे एखादे मोठे जनुक नसून शेकडो लहान-लहान परिणामांची बेरीज आहे, आणि ती बेरीज प्रत्येक जातीत, प्रत्येक रानात वेगळी जमते. शिवाय हे सगळे अभ्यास चीजच्या कढईसाठी झाले. दही किती घट्ट लागले, लिटरमागे किती चीज निघाले, हे त्यांचे प्रश्न. कोकराच्या चौथ्या पोटातही दूध साकळते, तिथेही केसीनला काम आहे, पण कोकराला दह्याच्या घट्टपणाशी फारसे देणेघेणे नसते. त्याला दिवसाच्या शेवटी पोट भरलेले हवे असते. युरोपच्या प्रयोगशाळेतून जनुकांची यादी उचलून दख्खनीच्या कळपाला लावली तर आपण दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर विकत घेऊ.

आपल्या प्रश्नाचे उत्तर कुठून मिळेल, याचा सर्वांत चांगला धडा सातारा जिल्ह्यात, फलटणला घडला, आणि गंमत म्हणजे तो दुधाचा प्रयोग नव्हताच. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनी मेंढीला जुळी व्हावीत यासाठी काम केले. दख्खनी मेंढीला जुळे क्वचितच होते. सुंदरबनातली गारोल ही चिमुकली मेंढी मात्र सर्रास दोन-तीन कोकरे देते. तिच्यातला हा गुण एका जनुकामुळे येतो. १९७०-८०च्या दशकांत ऑस्ट्रेलियातल्या बूरूला मेरिनो मेंढ्यांत त्याचा शोध सुरू झाला होता. २००१ साली स्वतंत्रपणे काम करणाऱ्या तीन गटांनी नेमका बदल सांगितला, आणि पुढच्याच वर्षी गारोलमध्येही तोच बदल असल्याचे स्पष्ट झाले. १७९०च्या दशकात बंगालमधून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो तिकडे गेला असावा, असे मानले जाते. फलटणला तो गारोलमधून दख्खनीच्या लोणंद प्रकारात उतरवला गेला, कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीचे रक्तही वापरले गेले, आणि त्यातून नारी सुवर्णा हा वाण उभा राहिला. नोव्हेंबर २००८मध्ये या जनुकाच्या वापरावर पुण्यात आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली, यावरून त्या कामाचे वजन कळते.

या जनुकाने मेंढीला जास्त कोकरे दिली आणि लगेच दुधाचा प्रश्न उघडा पडला. एक कोकरू पाजणाऱ्या मेंढीपेक्षा जुळी पाजणारी मेंढी जास्त दूध देते, कारण कास वारंवार रिकामी होते. पण ते दुप्पट होत नाही, साधारण तिसरा-चौथा हिस्सा वाढते, फार तर थोडे अधिक. म्हणजे प्रत्येक कोकराच्या वाट्याला आधीपेक्षा कमीच येते. शिवाय जुळी जन्मतःच हलकी. ज्या मेंढीच्या कासेत मुळात दम आहे तिची दोन्ही कोकरे उभी राहतात, जिच्यात नाही तिचे एक तरी मागे पडते आणि वाड्याच्या वाटचालीत मागे पडणे म्हणजे काय हे मेंढपाळाला सांगावे लागत नाही. लहान कोकरे घोड्यावर लादून नेली जातात, पण घोड्यावर जागा मोजकीच असते. जोवर सगळ्यांना एकेकच कोकरू होते तोवर चांगल्या आणि बेताच्या आईतला फरक झाकलेला होता. एका कोकरापुरते दूध दोघींकडेही होते. जुळ्यांनी तो फरक उघड केला. फलटणच्या कामात पुढे इस्राएलमधल्या सुधारित अवासी या दुभत्या मेंढीचेही रक्त मिसळण्यात आले, ते याच निकडीतून पाहायला हवे. जुळ्यांचे जनुक आणि केसीनची जनुके दोन्ही सहाव्याच गुणसूत्रावर आहेत. पण त्यांच्यात अंतर एवढे मोठे आहे की ती जवळपास स्वतंत्रपणे उतरतात. जुळे देणारा नर आणला म्हणजे दूध देणारा नर आला, असे होत नाही. ती निवड वेगळी करावी लागते.

यावर पहिला आक्षेप अगदी वाजवी आहे. पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, त्यातही लहरी. मेंढी अर्धपोटी असेल तर जनुक काय करणार? चारा द्या, खुराक द्या, दूध आपोआप वाढेल. वाढेल, यात वाद नाही. गाभण काळाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आणि व्याल्यानंतरच्या महिनाभरात दिलेला मूठभर खुराक कुठल्याही जनुकापेक्षा लवकर परिणाम दाखवतो. पण तो दरवर्षी, दर मेंढीला द्यावा लागतो आणि दुष्काळी वर्षी, म्हणजे गरज सर्वांत मोठी असते तेव्हा, तो परवडत नाही. आनुवंशिक फरक एकदा कळपात आला की पुढच्या पिढीला फुकट मिळतो. शिवाय हे दोन मार्ग एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. एकाच वाड्यातल्या, एकाच रानात चरलेल्या मेंढ्यांची तुलना केली की चाऱ्याचा परिणाम सगळ्यांना सारखा लागलेला असतो आणि उरतो तो फरक बऱ्याच अंशी आईच्या स्वतःच्या क्षमतेचा असतो. म्हणून तुलना कळपाच्या आत व्हायला हवी. पारनेरच्या माळावरच्या मेंढीची बरोबरी प्रवरेच्या कालव्याकाठी चरलेल्या मेंढीशी लावली तर आपण जनुक न मोजता कालवा मोजू.

दुसरा आक्षेप अधिक जोरकस असतो आणि तो सरकारी योजनांच्या भाषेत येतो: एवढा खटाटोप कशाला, दुभत्या जातीचा नर आणा आणि संकर करा. या जिल्ह्याला या सूत्राचा इतिहास आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीचा मेरिनोशी संकर झाला, लोकर बारीक व्हावी म्हणून. संगमनेरी शेळीचा अंगोरा शेळीशी संकर झाला, मोहेर हा रेशमी केस मिळावा म्हणून. हे प्रयोग शास्त्राच्या दृष्टीने आळशी नव्हते, नोंदी नीट ठेवल्या गेल्या, केसांची प्रत सुधारल्याचे दिसलेही. चुकले ते उद्दिष्ट. मेंढपाळाला बारीक लोकर विकायची नव्हती आणि घोंगडीला बारीक लोकर चालत नाही. मोहेर विकत घेणारे गिऱ्हाईक संगमनेरच्या बाजारात नव्हते. बाहेरचे रक्त वाईट असते असा याचा अर्थ नाही. फलटणला ते उपयोगी पडले, कारण तिथे प्रश्न आधी मेंढपाळाचा होता आणि रक्त नंतर आले. शिवाय दुधासाठीच घडवलेल्या जातीबरोबर काय काय येते हेही पाहायला हवे. २०१५ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवले की त्यांच्या मेंढ्यांत एका जनुकाची एक आवृत्ती अंगाने मोठी आणि दुधाला चांगली मेंढी घडवते, पण तीच आवृत्ती कासदाहाची शक्यता वाढवते. दुधासाठी निवड करता करता तो दोष नकळत सांभाळला गेला होता. स्वच्छ गोठा आणि हाताशी पशुवैद्य असलेल्या ठिकाणी तो खपून जातो. रोज नव्या शेतात बसणाऱ्या मेंढीची एक बाजूची कास गेली तर तिचे जुळ्यांपैकी एक कोकरू गेलेच.

आता नव्या तंत्राची गोष्ट, कारण हा आक्षेप उद्या येणारच: रक्ताचा थेंब घ्या, हजारो खुणा एका चकतीवर वाचा, कोणती मेंढी दुधाची ते संगणक सांगेल. मेंढीच्या पन्नास हजार खुणा वाचणारी अशी चकती उपलब्ध झाली आणि २०१२ साली जगभरच्या ७४ जातींच्या २,८१९ मेंढ्यांचा त्यावर आधारलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दख्खनी मेंढीही होती. आशियाई जातींत आनुवंशिक विविधता त्या मापाने कमी दिसली. मात्र ते वाचताना एक गोष्ट विसरता येत नाही, जी खुद्द संशोधकांनीही नोंदवली आहे: चकतीवरच्या खुणा मुख्यतः युरोपीय मुळाच्या मेंढ्यांत जे फरक सापडले त्यांतून निवडल्या होत्या. जे फरक फक्त दख्खनीत आहेत ते त्या चकतीला दिसतच नाहीत. विविधता कमी आहे की मापच आंधळे आहे, हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही. शिवाय चकती कितीही चांगली झाली तरी ती अंदाज बांधते तो आधी प्रत्यक्ष मोजलेल्या जनावरांवरून. लाकोनमध्ये ती उपयोगी पडली, कारण तिच्यामागे कित्येक दशकांच्या दुधाच्या नोंदी होत्या. दख्खनीच्या दुधाची नोंद नसेल तर चकती कशाशी ताडून पाहणार?

म्हणजे गाडी पुन्हा नोंदीपाशी येते, आणि इथे सर्वांत खरा आक्षेप उभा राहतो. फिरत्या वाड्यात दूध मोजणार कसे? मेंढी पिळून मोजायची तर कोकरू उपाशी राहते आणि माणसाच्या हाताला ती पान्हा चोरते. इथेच कोकराचे माप हाताशी येते. कोकराचे जन्माचे वजन आणि महिन्याचे वजन, एवढे दोन आकडे, एक तागडी आणि कानातला बिल्ला. पहिल्या महिन्यातली वाढ आईच्या दुधाशी घट्ट बांधलेली असते, पुढे चारा मध्ये येतो आणि नाते सैल होते. राहुरीच्या विद्यापीठाचे क्षेत्रीय काम याच वळणाचे आहे. अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या समन्वयाखाली दख्खनीचा, आणि मथुरेजवळच्या मखदूमच्या केंद्रीय शेळी संशोधन संस्थेच्या समन्वयाखाली संगमनेरी शेळीचा प्रकल्प तिथे चालतो. मेंढपाळांच्या कळपांची नोंदणी, वजने, निवडक नर अशी त्याची पद्धत आहे. नवे यंत्र लागणार नाही. लागेल ती त्या वजनांचा अर्थ लावण्याची वेगळी दृष्टी.

कारण ही वजने फसवूही शकतात. कोकराच्या वाढीत दोन आनुवंशिक हिस्से असतात: कोकराची स्वतःची वाढीची क्षमता, जी आईबापाकडून निम्मी-निम्मी येते, आणि आईची दूध पाजण्याची क्षमता, जी कोकराच्या दृष्टीने बाहेरची परिस्थिती असते. सध्या अनेक कळपांत सांगली जिल्ह्यातल्या माडग्याळ नरांची चलती आहे, कारण त्यांची कोकरे झपाट्याने वाढतात. अशा नराचे कोकरू महिन्याला जड भरले तर श्रेय बापाच्या हाडापेराचे की आईच्या कासेचे? एकाच आकड्यात दोन्ही मिसळलेले आहेत. मेंढ्यांवरच्या पुष्कळ अभ्यासांत या दोन हिश्श्यांत उलटे नातेही आढळले आहे, म्हणजे निव्वळ जड कोकरे निवडत गेले तर पुढच्या पिढीत आया दुधाला कमी उतरण्याचा धोका असतो. त्यात जे कोकरू संगमनेरी शेळीला लावलेले असते त्याचे वजन मेंढीच्या खात्यात धरायचेच नाही, पण नोंदवहीत शेळीचा रकाना नसेल तर ते धरले जाते. आकडेशास्त्र हे हिस्से वेगळे करू शकते, मात्र त्यासाठी कोकराचा बाप कोण, आई कोण आणि त्या आईची आई कोण, हे तीन पिढ्यांपर्यंत माहीत असावे लागते. नर राखताना त्याच्या आईची कास पाहणारा जुना मेंढपाळ हाच हिशेब मनात करत असतो. त्याची निवड कागदावर उतरली तर तिची पारख होऊ शकेल.

कुणी विचारेल, कोकराऐवजी दूधच का विकू नये? मेंढीच्या दुधाचे चीज जगात महाग जाते. २०२३ साली राज्य शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे ३४ रुपये दर जाहीर केला होता. त्या दराने पाच लिटर दूध १७० रुपयांचे. तेच पाच लिटर कोकराने प्यायले तर एक किलो जिवंत वजन मिळते आणि त्याचा भाव याहून बराच वर असतो. मेंढीच्या दुधाला गाईच्या दुप्पट दर मिळाला तरी रोज गाव बदलणाऱ्या वाड्यातून ते थंड ठेवून गोळा करण्याचा खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न उरतोच. एखाद्या स्थिर, बागायती कळपाला ते जमेलही, दख्खनीच्या बहुसंख्य कळपांना आज नाही.

खरी अडचण याहून वेगळी आहे आणि ती बाजारात आहे. घोडेगाव किंवा काष्टीच्या बाजारात सर्वांत जड नर कोकराला सर्वांत चांगला भाव मिळतो, म्हणून तेच सर्वांत आधी विकले जाते. चांगल्या पान्ह्याच्या आईचा मुलगा तीन-चार महिन्यांत खाटकाकडे जातो आणि राखला जातो तो उरलेल्यांतला एखादा. नराच्या अंगात दुधाची जनुके असतात, पण तो ती दाखवू शकत नाही. त्याच्या मुली व्यायल्या आणि त्यांची कोकरे महिन्याची झाली तरच बापाची पारख होते. हिशेब केला तर दीड वर्षाचा नर लावला, पाच महिन्यांनी मुलगी जन्मली, ती आणखी पावणेदोन-दोन वर्षांनी व्याली, तोवर नर चार वर्षांचा झाला. बहुतेक कळपांत रक्त जवळ येऊ नये म्हणून नर त्याआधीच बदललेला असतो. चार वर्षे थांबायचे तर तो नर अदलाबदलीने दुसऱ्या वाड्यात जिवंत राहायला हवा आणि विक्रीचा भाव सोडणाऱ्या मेंढपाळाला तेवढी रक्कम कुणीतरी त्याच दिवशी मोजायला हवी. ते शक्य नसेल तर निदान त्याच्या आईच्या पहिल्या दोन वेतांच्या कोकरांची वजने लिहिलेली हवीत, कारण वाट न पाहता नर निवडण्याचा तेवढाच एक आधार उरतो. पुण्यातल्या ज्या महामंडळाला याच जिल्ह्यातल्या चोंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींचे नाव आहे, ते मेंढपाळांना नर पुरवते. त्या नरांच्या आयांच्या कोकरांची ही दोन वजने नराबरोबर मेंढपाळाच्या हातात देता येतील.